उभयचर मोहिमेची योजना कशी अभ्यासावी: उद्दिष्टापासून बंदराकडे

समुद्रमार्गे येऊन शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यावर सैन्य उतरवणे, म्हणजेच उभयचर मोहीम, ही युद्धातील सर्वांत अवघड कारवायांपैकी एक आहे. उतरणाऱ्या सैन्याची जमिनीवरची ताकद पहिल्या क्षणी शून्य असते आणि ती शत्रूच्या डोळ्यांदेखत, तुकडीमागून तुकडी आणत, वाढवावी लागते. संरक्षणशास्त्राचे विद्यार्थी आणि लष्करी इतिहासाचे वाचक अशा मोहिमांची वर्णने बहुधा कालक्रमाने वाचतात: निर्णय झाला, जहाजे भरली, ताफा निघाला, सैन्य उतरले. त्यातून घटना कळतात, पण योजना का तशी होती हे कळत नाही, कारण योजनाकारांनी ती या क्रमाने आखलेलीच नसते. ते जमिनीवरच्या उद्दिष्टापासून सुरुवात करतात आणि एकेक टप्पा मागे येत शेवटी बंदरातल्या धक्क्यावर पोहोचतात. अभ्यासकानेही त्याच उलट्या वाटेने जावे, असे माझे ठाम मत आहे, आणि ती वाट कशी चालावी हे पुढे सांगितले आहे. मुख्य उदाहरण म्हणून कोरियातील इंचॉन येथील १५ सप्टेंबर १९५० चे लँडिंग घेतले आहे. जेथे दुसरी मोहीम मुद्दा अधिक स्पष्ट करते तेथे ती घेतली आहे.

अभ्यासाला बसताना जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, त्या किनाऱ्याचा पाण्याची खोली दाखवणारा सागरी नकाशा, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि कोणत्या जहाजावर कोणती तुकडी होती याची यादी, एवढे साहित्य जवळ असावे. तात्त्विक बाजूसाठी एखादी प्रकाशित युद्धप्रणाली, म्हणजे अशा कारवाया कशा कराव्यात हे सांगणारी अधिकृत पुस्तिका, सोबत ठेवावी. अमेरिकी मरीन कोअरने, म्हणजे समुद्रातून उतरून लढणाऱ्या दलाने, क्वांटिको येथे १९३४ मध्ये लँडिंगविषयीची जी तात्पुरती नियमावली तयार केली, तिच्यात आदेशव्यवस्था, नौदलाचा तोफमारा, हवाई साहाय्य, जहाजापासून किनाऱ्यापर्यंतची वाहतूक, किनाऱ्यावरील ठाणे पक्के करणे आणि रसद हे सहा विषय वेगळे काढले होते, आणि आजही बहुतेक देशांची मांडणी त्याच चौकटीवर उभी आहे. भारताच्या तिन्ही सेनादलांची उभयचर कारवायांसाठीची संयुक्त युद्धप्रणाली ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला आता परदेशी पुस्तकांवरच अवलंबून राहावे लागत नाही.

मोहीम कोणत्या प्रकारची आहे ते आधी ठरवावे

उभयचर कारवाईचे चार मूळ प्रकार मानले जातात: किनारा जिंकून तेथे टिकण्यासाठी केलेली चढाई, थोड्या वेळासाठी उतरून परत येण्याचा छापा, शत्रूचे लक्ष दुसरीकडे वेधण्यासाठी केलेले प्रदर्शन आणि किनाऱ्यावरून सैन्य काढून घेणे. हा भेद आधी केला नाही तर सगळाच निवाडा चुकतो. १९ ऑगस्ट १९४२ चा फ्रान्समधील दिएप्पचा हल्ला हा छापा होता, त्यामुळे तेथे परतीची व्यवस्था हा योजनेचा कणा असायला हवा होता आणि ती त्याच दृष्टीने तपासली पाहिजे. उलट पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत ब्रिटिश व मित्रसैन्याची चढाई फसली, पण डिसेंबर १९१५ आणि जानेवारी १९१६ मध्ये तिन्ही ठाण्यांवरून सैन्य जवळजवळ विनाहानी काढून घेतले गेले. एकाच मोहिमेतील एक प्रकार अपयशी आणि दुसरा नमुनेदार ठरतो, ही गोष्ट अनेक वाचकांच्या नजरेतून सुटते.

उद्दिष्ट किनाऱ्याच्या आत शोधावे

पुळण हे कोणत्याही चढाईचे उद्दिष्ट नसते. नकाशावर पहिली खूण किनाऱ्यावर न करता ज्या ठिकाणासाठी हा खटाटोप आहे तेथे करावी. इंचॉनच्या बाबतीत ती खूण सेऊलवर पडते. दक्षिणेला पुसानभोवती लढणाऱ्या उत्तर कोरियाच्या सैन्याला जाणारे मुख्य रस्ते आणि लोहमार्ग सेऊलमधून जात होते, आणि वाटेत किंपोचा विमानतळ होता. हे शहर घेतले की दक्षिणेतील शत्रूसैन्याची रसद तुटणार होती. इंचॉन हे सेऊलचे बंदर. म्हणून इतका वाईट किनारा असूनही कोरियातील संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर त्यावर अडून बसले. कमी धोक्याचे पर्याय सुचवले गेले होते, पण ते सेऊलपासून दूर होते.

दुसरी खूण किनाऱ्यावरील ठाण्याच्या सीमेची. शत्रूच्या तोफांचा थेट मारा पुळणीवर पडू नये आणि मागून येणारे सैन्य व सामान उतरवायला जागा मिळावी, इतके हे ठाणे खोल असावे लागते. त्या सीमेवर कोणत्या टेकड्या येतात, त्या किती वेळात घ्यायच्या आहेत आणि शत्रूची राखीव दले तेथे किती वेळात पोहोचू शकतात, हे तीन आकडे शेजारीशेजारी लिहावेत. ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीतील सुवला उपसागरात उतरलेल्या ब्रिटिश सैन्यासमोर सुरुवातीला फारच थोडे तुर्की सैनिक होते; तरीही आतल्या टेकड्या तातडीने घेतल्या गेल्या नाहीत, दोन दिवस गेले आणि तेवढ्यात तुर्कांची कुमक उंचावर येऊन बसली. लँडिंग सुरळीत झाले आणि मोहीम तरीही फसली. हे तीन आकडे मांडले की त्याचे कारण वर्णन न वाचताही दिसते.

किनारा, भरती आणि तारीख

अभ्यासाचा सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण उभयचर योजनेत सेनापतीच्या इच्छेला न जुमानणारी गोष्ट समुद्राचे पाणी हीच आहे.

कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाला यात थोडी आघाडी आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचे उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (सर्वांत लहान भरती) हे त्याच्या माहितीचे असते. मोहिमेची तारीख हाती आली की प्रथम त्या दिवसाची चंद्रकला पाहावी. इंचॉनच्या आधीची अमावास्या १२ सप्टेंबर १९५० रोजी होती, म्हणजे १५ तारीख उधाणात पडते. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या लँडिंगच्या दिवशी, ६ जून १९४४ ला, पौर्णिमा होती. पॅसिफिकमधील तारावा येथे मात्र २० नोव्हेंबर १९४३ ला, कृष्णपक्षातील अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगात सैन्य उतरले. एवढी एक गोष्ट कळली तरी पुढे काय पाहायचे याची दिशा मिळते. वेळेचा पाऊणपटीचा हिशेब मात्र आपल्या किनाऱ्यापुरताच खरा आहे. मुंबईत उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, तर इंचॉनला ती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. म्हणून वेळ नेहमी त्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्यावी.

आता इंचॉनचा हिशेब मांडून पाहू. तेथे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक ३० फुटांच्या आसपास असतो आणि ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. रणगाडे व जड सामान वाहून नेणाऱ्या एलएसटी जहाजांना किनाऱ्याला लागण्यासाठी २९ फूट भरतीची गरज होती. एवढे पाणी १५ सप्टेंबर, ११ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबरच्या आसपासच्या मोजक्या दिवशीच मिळणार होते आणि त्या दिवशीही भरतीच्या माथ्याभोवतीचे सुमारे तीन तासच कामाचे होते. बंदरात येण्याची वाट अरुंद, आणि बंदराच्या तोंडाशी वोल्मी-दो हे बांधरस्त्याने शहराला जोडलेले बेट. ते शत्रूच्या हाती ठेवून शहराच्या किनाऱ्यावर उतरणे शक्य नव्हते. यातून योजनेचा सांगाडा आपोआप तयार होतो. सकाळच्या भरतीला, साडेसहाच्या सुमारास, एक बटालियन वोल्मी-दोवर उतरेल; पाणी ओसरल्यावर तिला दिवसभर मदत मिळणार नाही; संध्याकाळच्या भरतीला, साडेपाच वाजता, मुख्य सैन्य शहराच्या दोन बाजूंना समुद्राच्या भिंतीवर शिड्या लावून चढेल; आणि त्यानंतर मावळतीला जेमतेम सव्वा तास उरेल. रात्रभराचा दारूगोळा, पाणी आणि इंधन कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ८ एलएसटी जहाजे भरतीवर किनाऱ्याला लावून ओहोटीत तशीच चिखलात बसू द्यायची, असे ठरले. सकाळपर्यंत ती हलू शकणार नव्हती, आणि हे जाणूनच तो निर्णय घेतला गेला. वर्णनात हे धाडस म्हणून येते. तक्ता समोर ठेवून वाचले की दुसरा मार्गच नव्हता हे समजते.

नॉर्मंडीत पाण्याचा हिशेब वेगळा होता. जर्मनांनी पुळणीवर रोवलेले अडथळे उघडे दिसावेत म्हणून ओहोटीनंतर थोड्या वेळाने, चढत्या पाण्यावर उतरायचे होते. चढत्या पाण्यामुळे रिकाम्या होड्या पुन्हा तरंगून परतू शकतात. हवाई छत्रीदलासाठी रात्री चांदणे हवे होते आणि तोफमाऱ्यासाठी पहाटेचा उजेड हवा होता. या अटी एकत्र जुळणारे दिवस ५, ६ आणि ७ जून होते. ५ तारीख हवामानामुळे सोडावी लागली. भरतीची लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असल्यामुळे अमेरिकी पुळणींवरची वेळ सकाळी साडेसहा, तर ब्रिटिश व कॅनेडियन पुळणींवरची त्यानंतर सुमारे एक तासाने होती. पुळणीनुसार वेळा वेगळ्या दिसल्या की गोंधळून जाऊ नये. कारण तक्त्यात सापडते.

तारावाच्या बेत्यो बेटाभोवती प्रवाळाची कड होती. तिच्यावर होड्या तरंगण्याइतके पाणी असेल असा अंदाज होता, आणि पाणी तेवढे चढलेच नाही. सैनिकांच्या पहिल्या तीन लाटा, म्हणजे एकामागून एक निघालेले जथे, पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर वाहनांतून गेल्या, त्या कड ओलांडून पुढे पोहोचल्या. मागच्या होड्या कडेवर अडल्या आणि मरीन सैनिकांना मशीनगनच्या माऱ्यात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावे लागले. ७६ तासांच्या त्या लढाईत सुमारे १,००० अमेरिकी सैनिक मारले गेले. तेथील पाण्याचा भरवसा धरू नये, असे त्या बेटांवर राहिलेल्या माणसाने आधी सांगितलेही होते.

पाण्यानंतर किनाऱ्याचा उतार. साधे गणित असे की जहाजाचा पुढचा भाग १ मीटर बुडत असेल आणि उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर जहाज पाण्याच्या रेषेपासून ५० मीटरवर टेकते आणि उतरणारा माणूस १ मीटर पाण्यात पाय टाकतो. उतार जितका मंद, तितके हे अंतर वाढते. परंतु उतार एकसारखा असतो असे गृहीत धरू नये. डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय नौदलाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारजवळ गुरखा सैनिक उतरवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा किनाऱ्याआधीच्या वाळूच्या दांड्यावर जहाज टेकले, त्याच्या पुढे पाणी पुन्हा खोल होते आणि त्यात जवान बुडाले. घाईने आखलेल्या त्या मोहिमेचा अभ्यास प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याने करावा, असे मला मनापासून वाटते.

शेवटी पुळणीचा पोत पाहावा. दिएप्पला गोट्यांच्या किनाऱ्यावर रणगाड्यांचे पट्टे अडकले आणि तुटले. तो धडा घेऊन ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि वाळूचे नमुने घेऊन परत आले, कारण तेथे रणगाडे रुततील की काय अशी शंका होती. योजनेत किनाऱ्याविषयीचे प्रत्येक विधान कशावर आधारलेले आहे, ते प्रत्यक्ष पाहणीतून आले, जुन्या नकाशातून आले की अंदाजातून, हे समासात लिहून ठेवण्याची सवय लावावी.

लाटांचा हिशेब

तारीख आणि वेळ पक्की झाली की जहाज आणि किनारा यांमधली वाहतूक मोजावी. दुसऱ्या महायुद्धातील एलसीव्हीपी होडीत ३६ सैनिक मावत. ९०० सैनिकांची बटालियन एकाच खेपेत न्यायची तर अशा २५ होड्या लागतात. होड्या कमी असतील तर दुसरी खेप येईपर्यंत पहिल्या खेपेतील माणसे एकटी लढणार. म्हणून होड्यांची संख्या, प्रत्येकीची क्षमता आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ यांवरून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाअखेर किनाऱ्यावर किती माणसे, किती तोफा आणि किती रणगाडे असतील याचा तक्ता करावा, आणि शेजारच्या रकान्यात त्याच वेळी शत्रू किती असेल ते लिहावे. बुडणाऱ्या, बिघडणाऱ्या आणि वाट चुकणाऱ्या होड्यांसाठी काही भाग वजा केल्याशिवाय या तक्त्यावर विश्वास ठेवू नये.

जहाजे कशी भरली ते पाहावे

योजनेचा खरा कस येथे लागतो. व्यापारी मालवाहतुकीत जागा वाया जाऊ नये म्हणून सामान गच्च भरतात. युद्धासाठी भरताना जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी चढवतात, प्रत्येक तुकडीची माणसे, शस्त्रे आणि दारूगोळा शक्यतो एकाच जहाजावर ठेवतात, आणि एकाच प्रकारचे सगळे सामान एका जहाजावर ठेवत नाहीत. त्यासाठी बरीच जागा रिकामी सोडावी लागते आणि अधिक जहाजे लागतात. लँडिंगचा क्रम ठरल्याखेरीज जहाज योग्य रीतीने भरताच येत नाही. उलटा क्रम का लागतो याचे सर्वांत पक्के कारण हेच आहे.

१९१५ मध्ये गॅलिपोलीसाठी निघालेली जहाजे कशीही भरलेली होती. मोहिमेचे सेनापती जनरल हॅमिल्टन यांना ताफा अलेक्झांड्रियाला नेऊन सगळे उतरवून पुन्हा भरावे लागले. १८ मार्चला नौदलाचा हल्ला फसला होता आणि सैन्य २५ एप्रिलला उतरले. मधल्या आठवड्यांत तुर्कांनी किनाऱ्यावर खंदक खणले, तारा ओढल्या. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने घेतलेली दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे परत घेण्यासाठी जाणारा ब्रिटिश ताफाही घाईने भरून निघाला होता आणि असेन्शन बेटापाशी थांबून सामानाची फेरमांडणी करावी लागली. पुढे २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, ते जळून नंतर बुडाले आणि त्याच्यासोबत जड सामान उचलणारी तीन चिनूक हेलिकॉप्टरे गेली. सैनिकांना बेट पायी ओलांडावे लागले, याचे मोठे कारण तेच.

मुंबईशी थेट नाते असलेले उदाहरण पूर्व आफ्रिकेतील (आजच्या टांझानियातील) टांगा बंदराचे आहे. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून सुमारे ८,००० सैनिकांचा ताफा जर्मन पूर्व आफ्रिकेकडे निघाला. त्यातील पलटणींनी एकत्र सराव केलेला नव्हता. प्रवासाने थकलेले सैन्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टांगाजवळ, नीट टेहळणी न करता, उतरवण्यात आले. त्याआधी एका युद्धनौकेने शहराला इशारा दिल्याने आश्चर्याचा लाभही उरला नव्हता. जर्मन सेनापती फॉन लेटो-फोरबेक यांच्या सुमारे १,००० सैनिकांनी हा हल्ला परतवला आणि ताफा बंदुका, मशीनगन व दारूगोळा किनाऱ्यावर सोडून परत फिरला. संख्याबळाचा तक्ता एकट्याने किती फसवतो, हे या एका मोहिमेतून पुरते कळते.

आदेश कोणाचा, आणि कधीपर्यंत

समुद्रावर असताना मोहिमेची सूत्रे नौदलाच्या सेनानीकडे असतात आणि उतरणाऱ्या दलाचा प्रमुख नियोजनात त्याच्या बरोबरीने असतो. किनाऱ्यावर पुरेसे सैन्य आणि संपर्कव्यवस्था उभी राहिली की जमिनीवरील लढाईचा ताबा त्याच्याकडे जातो. हा हस्तांतराचा क्षण योजनेत शोधावा. इंचॉनला रिअर ॲडमिरल डॉइल यांच्याकडून मरीन डिव्हिजनचे जनरल स्मिथ यांच्याकडे सूत्रे गेली आणि त्यात संदिग्धता राहिली नाही. फॉकलंडमध्ये विमानवाहू नौकांचे, उभयचर जहाजांचे आणि ब्रिगेडचे असे तिघे प्रमुख वेगवेगळे होते, तिघेही दूर इंग्लंडमधील मुख्यालयाला उत्तरदायी होते, आणि त्यातून गैरसमज वाढले.

वाटेवरचे धोके आणि तालीम

समुद्रावर आणि आकाशात ताबा नसेल तर लँडिंगचा विचारच करू नये, हे सर्वमान्य आहे. सुरुंगांकडे मात्र दुर्लक्ष होते. इंचॉननंतर महिन्याभरात, ऑक्टोबर १९५० मध्ये, त्याच मरीन डिव्हिजनला कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर वोन्सानला उतरायचे होते. बंदरात हजारो सुरुंग पेरलेले निघाले, ते काढेपर्यंत सैन्य भरलेली जहाजे समुद्रात येरझाऱ्या घालत राहिली, आणि दक्षिण कोरियाचे सैन्य जमिनीवरून केव्हाच शहरात पोहोचले होते.

तालमीला योजनेत किती दिवस दिले आहेत तेही पाहावे. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्लॅप्टन किनाऱ्याकडे सरावासाठी निघालेल्या ताफ्यावर जर्मन टॉर्पेडो नौकांनी हल्ला केला आणि ७०० हून अधिक अमेरिकी जवान गेले. रेडिओच्या लहरींची नोंद चुकल्याने इशारा वेळेवर पोहोचला नव्हता, आणि अनेकांनी जीवरक्षक पट्टे चुकीच्या पद्धतीने बांधले होते. हे दोन्ही दोष नॉर्मंडीपूर्वी सुधारण्यात आले.

हे सगळे झाल्यावर एका मोठ्या कागदावर उजवीकडून डावीकडे वेळापत्रक मांडावे: अगदी उजवीकडे उद्दिष्ट हाती येण्याची वेळ, मग ठाण्याची सीमा, पहिली लाट, होड्यांत बसण्याची वेळ, ताफ्याचा प्रवास, तालीम, जहाजे भरणे आणि डावीकडे निर्णयाचा दिवस. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ मागे मोजत गेले की निर्णय कोणत्या तारखेपर्यंत व्हायलाच हवा होता ते मिळते, आणि तो प्रत्यक्षात कधी झाला याच्याशी ते ताडून पाहता येते. मग त्यातला एकच आकडा बदलावा. इंचॉनसाठी १५ सप्टेंबरऐवजी ११ ऑक्टोबर ही तारीख घ्यावी आणि पुसानच्या आघाडीला आणखी किती दिवस तग धरावा लागतो, तेथे लढणारी मरीन रेजिमेंट काढून घेता येते का, सेऊलनंतरच्या हालचालींना हिवाळ्यापूर्वी किती आठवडे उरतात आणि तेवढ्या अवधीत वोन्सानसारखे सुरुंग इंचॉनच्या अरुंद वाटेतही पेरले जाऊ शकतात का, हे प्रश्न त्या कागदावर एकेक करून सोडवावेत.